राहुकाळात पाहिलेलं पोवळं

बनारसला प्रवास कंपनी चालवते म्हटलं की समोरच्याला वाटायचं, बाहेरून येणाऱ्या यात्रेकरूंना विश्वनाथ, आरती आणि सारनाथ दाखवण्याचं काम असणार. मी सगळ्या आयुष्यात एकाही यात्रेकरूला काही दाखवलं नाही. माझा धंदा उलटा होता. सारा देश काशीला येतो आणि मी काशीची माणसं बाहेर फिरायला नेत असे. त्यातही मुख्यतः आपली मराठी मंडळी, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेच्या गल्ल्यांतली. ज्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात इथे आले आणि परत जायचं विसरले, ती.

हा धंदा सोपा नाही. इतर गावांतली माणसं प्रवासाला निघताना मरणाला घाबरतात. आमची मंडळी मरणाला अजिबात घाबरत नाहीत. ती घाबरतात काशीबाहेर मरायला. इथे डोळे मिटले की मोक्ष ठरलेला, आणि नेमके त्याच वेळी आपण उटीला घोड्यावर बसलेले असलो तर केवढ्याला पडलं ते! त्यामुळे गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न हॉटेल कसं आहे, जेवण कसं आहे, असा नसायचाच. "तिथून बनारसला परत यायला सगळ्यात जलद काय आहे?" हा असायचा. नैनितालच्या सहलीत एका काकांना साधी सर्दी झाली. काकांनी लगेच बिछाना बांधला. मी हात जोडले, डॉक्टर आणला, काही उपयोग झाला नाही. त्यांना घेऊन मी निम्म्या सहलीतून परतले. गाडी राजघाटच्या पुलावर आली, खाली गंगा दिसली आणि काका उठून बसले. म्हणाले, "नलिनीताई, स्टेशनावर उतरल्यावर कचौडी खाऊया का?"

दुसरी अडचण मुहूर्ताची. विमान कंपन्या पंचांग बघून वेळापत्रक करत नाहीत आणि आमची मंडळी पंचांग बघितल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. यावर आपल्याकडे जुना उपाय आहे, प्रस्थान ठेवण्याचा. चांगल्या वेळेला स्वतःला निघता येत नसेल तर आपली एखादी वस्तू, सुपारी, हळकुंड, अंगावरचं वस्त्र, त्या वेळी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग माणूस सवडीने निघाला तरी तो त्या मुहूर्तावरच निघाला असं धरतात. हे दुसऱ्याचं घर म्हणजे बहुतेक वेळा माझं ऑफिस. तिथे मी एक लोखंडी कपाट खास प्रस्थानांसाठी ठेवलं होतं. सहलीच्या आदल्या आठवड्यात ते पुरचुंड्यांनी भरून जाई. एका गृहस्थांनी घाईघाईत खिशात हाताला लागली ती वस्तू ठेवली. ती त्यांची दातांची कवळी होती. प्रस्थान एकदा ठेवलं की परत घरी न्यायचं नसतं, म्हणून निघेपर्यंत ते रोज मऊ भात खात होते, आणि येता-जाता माझ्या कपाटाकडे आशेने बघत होते.

असे नमुने मी पुष्कळ सांभाळले. पण माझ्या धंद्यात अभिमानाने सांगण्यासारखं काय, असं कोणी विचारलं तर मी अप्पाशास्त्र्यांची गोष्ट सांगते.

अप्पा पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात. ज्योतिषी. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक, आवाज असा की घाटावर बोलले तर पलीकडच्या नावेत ऐकू जावं. माझ्या वडिलांचे स्नेही, त्यामुळे मी साठीची झाले तरी त्यांना 'नली'च. एका सकाळी ते माझ्या ऑफिसात आले, पंख्याखाली बसले आणि उजव्या हाताची अनामिका माझ्यासमोर धरली. तिच्यात पोवळ्याची अंगठी होती.

"नले, हे काय आहे?"

"पोवळं."

"मीही तेच समजत होतो. आमची नात बंगलोरहून फोनवर म्हणते, आजोबा, हा प्राण्याचा सांगाडा आहे. मी म्हटलं, पागल झालीस का? मग युनिव्हर्सिटीतल्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, बिलकुल बरोबर आहे. छोटे जीव असतात, लाखोंनी, आणि हे त्यांचं घर."

आता अप्पांचं सोवळं किती, तर कांदा-लसूण सोडाच, उदबत्तीत काय घातलंय ते विचारून उदबत्ती घेणारा माणूस. आणि उभ्या आयुष्यात मंगळ वाकडा दिसला की त्यांनी एकच उपाय सांगितलेला, पोवळं घाला. अर्ध्या मोहल्ल्याच्या बोटांत त्यांनी सांगितलेली पोवळी होती.

"मी सांगणं बंद केलंय," अप्पा म्हणाले. "लोक परत जातात. पण नुसतं ऐकून बंद केलं, त्याचा त्रास होतो. खरंच जीव आहे की प्राध्यापकांची बोलायची पद्धत आहे? मला ते पाण्यात, जिथे आहे तिथे बघायचंय. आणि शिवरात्रीला मी क्षेत्रसंन्यास घेतोय."

क्षेत्रसंन्यास म्हणजे काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही असा संकल्प. एकदा घेतला की संपलं. नातीचं लग्न असो, कोणाचं आजारपण असो, बाहेर पाऊल नाही.

"म्हणजे त्याच्या आत जायचं," मी म्हटलं. "नंतर घ्या ना संन्यास. घाई काय आहे?"

"सगळ्यांना सांगून झालंय. आणि न बघता बसलो तर जपाच्या माळेत मला मण्यांऐवजी तेच दिसत राहील. उरलेलं आयुष्य ते घेऊन बसायचं म्हणजे परेशानी."

मी त्यांना सांगितलं की अंगठीतलं लाल पोवळं फार खोल समुद्रात असतं, ते काही दिसणार नाही. अंदमानला उथळ पाण्यात दिसतात ते त्याचे भाऊबंद.

"भाऊबंद चालतील. गोत्र एक आहे ना?"

तर मार्गशीर्षात अंदमानची सहल ठरली. अप्पा निघाले म्हटल्यावर आणखी दहा-बारा जण तयार झाले. शास्त्रीच समुद्र ओलांडतायत तर आपल्याला काय दोष, असा हिशेब. अप्पांच्या पत्नी, माई, मात्र फुरंगटून बसल्या होत्या. "या वयात पाण्यात तोंड घालून काय बघायचं? तिकडे काही झालं तर मी यांना कुठून आणू?" असं त्या मला रोज ऐकवत. पण यायला निघाल्या. नवऱ्याला एकटं सोडायचं नाही, एवढंच कारण सांगितलं.

समुद्रातलं पोवळं बघायची जी पद्धत आहे तिला स्नॉर्केलिंग म्हणतात. अंगात तरंगतं जाकीट घालून पाण्यावर पालथं पडायचं, डोळ्यांवर आणि नाकावर काच बांधायची, तोंडात नळी धरायची. नळीचं दुसरं टोक पाण्याबाहेर राहतं. त्यातून शांतपणे श्वास घेत खाली बघायचं. पोहता आलं नाही तरी चालतं. काशीच्या माणसाला यात एकच गोष्ट जमत नाही, ती म्हणजे तोंडाने श्वास घेणं. जन्मापासून घाटावर शिकलेलं असतं की पाण्यात जाताना तोंड मिटायचं, नाक दाबायचं, तीन डुबक्या मारायच्या आणि वर आल्यावर मंत्र म्हणायचा. नळी आली तरी हात आपोआप नाकाकडे जातो.

म्हणून मी नळ्या आणि काचा मागवल्या आणि राजा घाटावर सराव सुरू केला. तिथे सकाळी जरा कमी गर्दी असते. तरी पहिल्याच दिवशी पायऱ्यांवर बघे जमले. अप्पा कमरेएवढ्या पाण्यात उभे, कपाळावर भस्म, त्याखाली काच, तोंडात पिवळी नळी. एक मल्लाह नाव थांबवून बघत राहिला.

"का खोजत हउआ, गुरुजी?"

अप्पांनी नळी काढली आणि घाटाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "साँस लेवे सीखत हई!"

घाटभर हशा पिकला. अप्पांना त्याचं काही नाही. ते आठवडाभर रोज आले. गंगेच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता, पण श्वास कसाबसा जमला. मंत्राची सवय मात्र सुटली नाही. तोंड पाण्याला लागलं की आतून स्तोत्र सुरू व्हायचं आणि नळीतून असा आवाज निघायचा की काठावरची कुत्री भुंकायला लागत.

अंदमानला पोचलो तेव्हा आकाश स्वच्छ होतं. पोर्ट ब्लेअरहून जहाजाने हॅवलॉक बेटावर गेलो. पोवळी बघायचा दिवस आणि वेळ अप्पांनी बनारसहूनच काढून आणली होती, सकाळी, सूर्य वर आल्यावर लगेच. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं जहाज होतं, म्हणजे मिळाला तर तोच एक दिवस.

आणि त्या दिवशी उजाडलंच नाही म्हणायला हरकत नाही. पाऊस आडवा येत होता. समुद्र राखाडी, फेसाळलेला, नारळाची झाडं एका बाजूला वाकलेली. धक्क्यावर सगळ्या नावा बांधून ठेवलेल्या. आमचा नाववाला तपन, तिथलाच बंगाली, चाळिशीचा, समुद्र लहानपणापासून अंगात मुरलेला. तो रेनकोट घालून आला आणि म्हणाला, "दीदी, अभी नहीं. बंदर से मना है, और मना नहीं होता तो भी मैं नहीं ले जाता."

माझ्या धंद्यात एक नियम मी कधी मोडला नाही. नाव सोडायची की नाही ते नाववाला ठरवणार. गिऱ्हाईक रडो, ओरडो, माझं नाव गल्लीभर खराब करो, त्याच्या आग्रहासाठी मी नाववाल्याला गळ घालणार नाही. हे अप्पांना सांगायला गेले तर ते हॉटेलच्या व्हरांड्यात तयार होऊन बसलेले. जाकीट घातलेलं, मांडीवर काच, हातात पंचांग.

"नले, मुहूर्त निघून जातोय."

"जाऊ दे, अप्पा. मौसम बघा जरा."

"मौसम मी बघतोय. तू मुहूर्त बघ."

"मुहूर्तावर बुडालो तर?"

मुहूर्त आला आणि गेला. अप्पांनी पंचांग मिटलं, काच बाजूला ठेवली आणि पावसाकडे बघत बसले. मोठ्याने बोलणारा माणूस गप्प बसला की फार वाईट दिसतो. मंडळी आत जाऊन चहा पीत होती, भेंड्या खेळत होती. माई कुठे दिसत नव्हत्या. मला वाटलं, खोलीत झोपल्या असतील. मी स्वतःशीच चिडले होते. एवढ्या वर्षांत शेकडो सहली नेल्या, आणि ज्या माणसाला खरोखर काही बघायचं होतं त्याच्याच वाट्याला हा दिवस यावा!

दुपार व्हायच्या सुमाराला वारा पडला. पाऊस बारीक झाला. थोड्या वेळात बंदरावरची मनाई उठली आणि तपन धावतच आला.

"दीदी, जल्दी चलिए. घंटा भर मिलेगा. पीछे फिर काला हो रहा है."

मी टाळ्या वाजवून सगळ्यांना उठवलं. काचा, नळ्या, टॉवेल, एकच धांदल. आणि अप्पा जागचे हलेनात. त्यांनी पंचांग उघडून माझ्यापुढे धरलं.

"राहुकाळ लागलाय."

राहुकाळात नवं काही सुरू करायचं नाही हे बनारसच्या निम्म्या दुकानदारांना याच माणसाने सांगितलेलं. त्यांच्या शब्दावर लोकांनी दुकानांची उद्घाटनं पुढे ढकलली होती. आणि ते बसले म्हटल्यावर बाकीचेही एकेक करून टेकले. कोणी नळी पिशवीत घातली, कोणी म्हणालं, जाऊ दे, किनाऱ्यावरूनच बघू.

"अप्पा, राहुकाळ संपेपर्यंत समुद्र थांबणार नाही," मी म्हटलं. "आणि उद्या जहाज आहे. शिवरात्रीनंतर तुम्ही..."

"मला मालूम आहे, नले." त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "पण दुसऱ्यांना एक सांगायचं आणि आपण दुसरं करायचं, हे माझ्याने होणार नाही. माझ्या नशिबात नव्हतं म्हणायचं."

मी खरंच हात टेकले. तेवढ्यात मागून माईंचा आवाज आला.

"सकाळी मुहूर्तावर निघालाय तुम्ही."

सगळ्यांनी वळून बघितलं. माई दारात उभ्या होत्या, केस अजून ओले.

"मी तर इथेच बसलोय," अप्पा म्हणाले.

"तुमचं उपरणं गेलंय. ऐन मुहूर्ताला त्या तपनच्या नावेत नेऊन ठेवलं मी. भिजत गेले. प्रस्थान ठेवून आले."

"कोणाला विचारून?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अगं, पण ज्याचं प्रस्थान त्यालाच मालूम नाही, असं कसं चालेल?"

माई सरळ त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ज्याचं प्रस्थान त्याला मालूम असायला पाहिजे, असं कुठे लिहिलंय?"

अप्पा विचारात पडले. सगळा व्हरांडा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. बाहेर तपन घड्याळ बघून कळवळत होता. मी मनातल्या मनात जेवढे देव आठवले तेवढ्यांना हाक मारली.

"असं..." अप्पा म्हणाले, "कुठेही लिहिलेलं नाही."

आणि उठले. त्यांच्यामागे सगळे उठले. धक्क्यावर गेलो तेव्हा तपनने नावेच्या कोपऱ्यातून उपरणं काढून दिलं. बिचाऱ्याला काय माहीत, त्याने सकाळी त्या उपरण्यानेच बाक पुसला होता आणि मग इंजिनालाही हात फिरवला होता. रेशीमकाठी उपरण्यावर काळे पट्टे. अप्पांनी ते तसंच डोक्याला बांधलं.

पोवळ्यांची जागा किनाऱ्यापासून फार लांब नव्हती, पण तेवढ्यातही नाव वर-खाली होऊन दोघींनी पोटातलं सगळं समुद्राला अर्पण केलं. मी प्रत्येकाचं जाकीट ओढून पट्टे तपासले. सहल नेणाऱ्या माणसाने समुद्र बघायचा नसतो, आपली माणसं बघायची असतात. पाण्यावर केशरी जाकिटं तरंगायला लागली की मी फक्त ती मोजत बसते. मी पाच वेळा पोवळ्यांवर लोक नेले आणि स्वतः एकदाही पाण्यात तोंड घातलं नाही. त्याची हळहळ मला आता, घरी बसल्यावर वाटते.

अप्पा शिडीवरून पाण्यात उतरले. तपन त्यांचा दंड धरून होता. उतरले आणि सवयीने नाक दाबायला गेले. हात काचेवर आपटला, काच सरकली, पाणी आत. ती नीट केली. पुन्हा पालथे झाले, आणि नळीतून घुमायला लागलं, "गङ्गे च यमुने चैव..." पाणी घशात. खोकून खोकून डोळे लाल.

"बाबा," तपन म्हणाला, "मंत्र बंद. बाद में बोल लीजिएगा."

"बाद में नहीं होता भाई, पानी में उतरते समय होता है."

"तो मन में."

तिसऱ्यांदा ते मनात म्हणत पालथे झाले. थोड्या वेळाने डोकं वर काढून म्हणाले, "काहीच दिसत नाही. आपल्या गंगेसारखंच आहे." पावसाने पाणी ढवळून गढूळ झालं होतं. पश्चिमेला ढग पुन्हा काळे दिसायला लागले होते. मी तपनकडे बघितलं. त्याने एकदा आकाशाकडे बघितलं आणि मंडळींना नावेची दोरी धरायला सांगून नाव हळूहळू खडकाच्या आडोशाला, जिथे लाटा पोचत नव्हत्या, तिथे नेली. तिथलं पाणी वरूनसुद्धा हिरवं, नितळ दिसत होतं.

अप्पा पुन्हा पालथे झाले. तपन त्यांच्या शेजारी. आणि अप्पा निश्चल झाले. हात नाही हलत, पाय नाही हलत. डोक्याचं उपरणं सुटून पाण्यावर पसरलेलं. मी मोजणी विसरले. काशी इथून किती लांब, हा एकच विचार डोक्यात, आणि माईंकडे बघायची हिंमत होईना. मी ओरडले, "तपन, बाबा को देखो!" तपनने पाण्यातूनच हात वर करून अंगठा दाखवला. नळीतून श्वास येत होता, संथ, शांत. घाटावर आठवडाभर जे कसंबसं जमत होतं ते तिथे सहज जमलं होतं.

नंतर तपनने मला सांगितलं ते असं. आधी शिंगांसारखी पोवळी दिसली, मग अक्रोडाच्या गरासारखी वळ्यावळ्यांची. ती पाहून अप्पा खुणेने विचारत होते, यात जीव कुठे आहे? तर त्याने त्यांना एका ठिकाणी नेलं. तिथल्या पोवळ्यावर शेवंतीएवढाली फुलं लगडलेली, पाण्याबरोबर डोलणारी. तपनने हात न लावता दुरूनच पाणी जरासं ढवळलं. सगळी फुलं एका झटक्यात आत गेली. खाली नुसता दगड उरला. दोघं तसेच थांबले. मग हळूच एक फूल बाहेर आलं, मग दुसरं, मग सगळी.

अप्पांनी डोकं वर काढलं आणि नळी तोंडातून काढून फेकूनच दिली.

"नले! लाजतंय ते!"

"काय?"

"पोवळं लाजतंय! आपण जवळ गेलो की आत जातं, आणि आपण गप्प राहिलो की बाहेर येतं. जीव आहे गं! माणसासारखा जीव आहे!" ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते काही समुद्राचं नव्हतं. "आणि मी ते लोकांच्या बोटांत घालत आलो. पण बरं झालं. मालूम झालं, बरं झालं. माई! अगं माई, चल, तुला दाखवतो!"

मला वाटलं, आता माई झापणार. त्यांनी नऊवारीचा कासोटा घट्ट खोचला, जाकिटाचा पट्टा आवळला आणि मला म्हणाल्या, "बांध गं ती काच." पंचगंगेवर आयुष्यभर पहाटेचं कार्तिकस्नान केलेली बाई. शिडी धरली नाही, सरळ उतरली. काशीच्या रेशमी पदरासकट माई अंदमानच्या समुद्रावर पालथ्या पडल्या आणि शेजारी अप्पा त्यांना हाताने दाखवत होते, इथे बघ, तिथे बघ. बोलता येत नव्हतं, तर हातवारे चालले होते. लग्नाला पन्नास वर्षं होत आली असतील, पण त्यांना एकमेकांशी एवढं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. नावेतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी नळ्या पिशवीत घातल्या होत्या तेही सगळे पाण्यात उतरले, एक-दोघं सोडून.

ढग जवळ आले तसं तपनने सगळ्यांना वर घेतलं. किनाऱ्याला लागलो आणि पाऊस असा कोसळला की दहा पावलांवरचं दिसेना. आम्ही सगळे भिजत, हसत, ओरडत हॉटेलात आलो. मी जन्मात इतकी ओरडले नसेन. माणसं मोजली, सगळी होती, आणि मला नाचावंसं वाटलं. थोडी नाचलेसुद्धा, उगाच का लपवू?

अप्पांनी शिवरात्रीला क्षेत्रसंन्यास घेतला. आता ते काशीची हद्द ओलांडत नाहीत, नातीच्या लग्नालाही गेले नाहीत. लग्न लागल्यावर जोडपंच त्यांना नमस्कार करायला पंचगंगेवर आलं.

मी निवृत्त व्हायच्या जरा आधीची गोष्ट. सिगरा भागातल्या एक बाई मुलीला घेऊन ऑफिसात आल्या. बऱ्याच रागात होत्या. मुलीच्या पत्रिकेत मंगळ, लग्न ठरत नव्हतं. शास्त्रीजींकडे पोवळं कोणत्या वजनाचं घालायचं विचारायला गेल्या, तर त्यांनी सांगितलं, अंगठी घालायची नाही. मुलीला अंदमानला न्या, पाण्यात तोंड घालू दे, जिवंत पोवळं बघू दे, आणि त्याला हात लावू नका. मंगळ शांत होईल.

"ऐसा भी कोई उपाय होता है?" त्या मला विचारत होत्या.

मी त्यांना बसवलं, सरबत दिलं आणि तडक अप्पांच्या घरी गेले. अप्पा ओसरीवर जप करत होते.

"अप्पा, मंगळाला समुद्रात डोकं घालायचा उपाय कोणत्या ग्रंथात आहे? लोक मला विचारतायत."

त्यांनी माळ थांबवली.

"ग्रंथात नाही, नले," ते म्हणाले. "मी पाहिलंय."

मी परत ऑफिसात आले आणि त्या दोघींना सांगितलं की निघायची तारीख सांगा, तुमचं प्रस्थान ठेवायला कपाटात जागा करते.